पिशवी काढल्यानंतर: डिस्चार्ज कार्डावर नसलेले

गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड मिळते, त्यावर लैंगिक जीवनाविषयी बहुधा एकच ओळ असते: सहा आठवडे संबंध टाळावेत. माझ्या कार्डावरही ती होती आणि तिच्या लगेच खाली बद्धकोष्ठतेचे औषध लिहिलेले होते. ती ओळ चुकीची नाही, पण ती टाक्यांपुरती आहे. सहा आठवड्यांनंतर काय, कोरडेपणा आला तर काय करायचे, दुखले तर कोणाला विचारायचे, इच्छाच होत नसेल तर तो शस्त्रक्रियेचा परिणाम समजायचा की आणखी कशाचा, यांपैकी कशाचेही उत्तर त्या ओळीत नाही. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे शस्त्रक्रियेच्या टेबलावर, आपण भुलीखाली असताना, ठरून गेलेली असतात. म्हणून ते प्रश्न आधीच विचारले गेले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे आणि हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर पिशवीत गाठी होत्या, पाळीत अंगावर इतके जात असे की हिमोग्लोबिन सतत खाली राहायचे, गोळ्या झाल्या, शिरेतून लोह देऊन झाले, हार्मोन सोडणारे उपकरण पिशवीत बसवण्याचा विचारही गाठींच्या जागेमुळे मागे पडला. पंचेचाळिशीच्या आसपास, दुर्बिणीतून, गर्भाशय, गर्भाशयमुख आणि दोन्ही बीजवाहिन्या काढल्या, अंडाशये ठेवली. हे मी इतक्या नेमकेपणाने सांगू शकते, कारण शस्त्रक्रियेच्या आधी एका मैत्रिणीने, जी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, मला बजावले होते की “पिशवी काढणार” एवढ्यावर सही करू नकोस, काय काय काढणार ते लिहून घे.

कारण बोलताना आपण सगळ्याला “पिशवी काढली” असेच म्हणतो, पण त्यात तीन-चार वेगळ्या शस्त्रक्रिया दडलेल्या असतात. फक्त गर्भाशयाचा वरचा भाग काढून गर्भाशयमुख ठेवता येते. गर्भाशय मुखासकट काढता येते, आणि आपल्याकडे बहुतेकींचे तसेच होते. बीजवाहिन्या अलीकडे बऱ्याचदा सोबत काढतात, कारण अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा कर्करोग पुष्कळदा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो असे आता दिसून आले आहे. त्या काढल्याने हार्मोनमध्ये म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आणि चौथी गोष्ट म्हणजे अंडाशये. ती काढली की नाही यावर पुढच्या लैंगिक आरोग्याचा जेवढा भार आहे तेवढा गर्भाशय काढण्यावर नाही, आणि नेमकी हीच गोष्ट बायकांना सर्वांत कमी सांगितली जाते.

आधी ज्या शंका मला अनेकींनी दबक्या आवाजात विचारल्या त्या घेते. पिशवी गेल्यावर आत पोकळी राहत नाही. आतडी आणि मूत्राशय त्या जागेत आपोआप सरकून बसतात. योनिमार्गाचे वरचे टोक शिवून बंद केलेले असते, त्यामुळे तो पोटात उघडा राहत नाही. वीर्य “आत जमा” होत नाही. ते पूर्वीही बरेचसे बाहेरच येत असे, तसेच आताही येते. कर्करोग नसलेल्या आजारासाठी केलेल्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत योनिमार्गाची लांबी किंचितच बदलते आणि जोडीदाराला वेगळे जाणवावे असे त्यात सहसा काही नसते. स्त्रीच्या सुखाचे मुख्य केंद्र, म्हणजे योनिद्वाराच्या वर असलेली शिश्निका, या शस्त्रक्रियेच्या वाटेत कुठेही येत नाही; तिला संवेदना पुरवणारी नस वेगळ्या मार्गाने येते आणि शाबूत राहते. आणि पिशवीतल्या गाठी किंवा कर्करोग संबंधातून नवऱ्याला “लागत” नाहीत. हा शेवटचा समज मी एका शिकलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांकडून ऐकला आहे, म्हणून मुद्दाम लिहिला.

आता अंडाशयांविषयी. पाळी नैसर्गिकपणे जाते तेव्हा अंडाशयांचे काम काही वर्षांत हळूहळू मंदावते आणि शरीराला जुळवून घ्यायला अवधी मिळतो. पाळी चालू असलेल्या बाईची दोन्ही अंडाशये काढली तर इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन काही दिवसांतच कोसळते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने भिजून जाग येणे, चिडचिड, आणि या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होणे, हे सगळे एकदम अंगावर येते. अंडाशये टेस्टोस्टेरॉनही तयार करतात, स्त्रियांच्या शरीरातही त्याचे काम असते, आणि ते कमी झाल्याने काही जणींची इच्छा स्पष्टपणे मंदावते. याशिवाय हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, तो वेगळाच. म्हणून तरुण वयात अंडाशये काढावीच लागली तर, स्तनाच्या कर्करोगासारखी आडकाठी नसेल तेव्हा, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला वैद्यकशास्त्र देते. गर्भाशय नसल्यामुळे बहुतेकींना नुसते इस्ट्रोजेन पुरते. त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन देण्याचे मुख्य कारण गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण हे असते आणि ते अस्तरच आता नसते. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असलेल्या काही जणी याला अपवाद ठरतात. हा सल्ला प्रत्यक्षात किती जणींना मिळतो, हा प्रश्न मी विचारते तेव्हा समोरून बहुधा “हार्मोन? नाही बाई, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या,” असे उत्तर येते.

इथे बीडचा विषय टाळता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतल्या अनेक जणी ऐन तिशीतल्या किंवा त्याहूनही लहान होत्या. देशभरातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३ टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली दिसते. त्या मानाने बीडचा आकडा किती वर आहे हे वेगळे सांगायला नको. या प्रकरणावर बोलताना मजूर नेणारा मुकादम, त्याने आगाऊ दिलेली उचल, कामावरचा खाडा आणि त्यासाठीचा दंड यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पंचवीस-तिशीत पिशवी आणि तिच्यासोबत अंडाशयेही गेलेल्या बाईच्या पुढच्या वीस वर्षांच्या संसाराचे काय होते, अंग कोरडे पडल्यामुळे दुखते म्हणून तिने नकार दिला तर घरात काय घडते, याची चर्चा मला कुठे फारशी वाचायला मिळाली नाही. पाळीत अंगावर जाते, पांढरे जाते, “पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल” असे सांगून घाबरवणे सोपे असते. पांढरे जाणे हे पुष्कळदा नैसर्गिकच असते; जंतुसंसर्गामुळे असेल तर तो औषधाने बरा होतो. त्यासाठी पिशवी काढायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास नाही, हे आपल्या माणसांना समजावताना या आदेशाचा दाखला उपयोगी पडतो.

शस्त्रक्रिया खरोखर गरजेची असेल तर मात्र चित्र बरेच आशादायक आहे, आणि हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून म्हणत नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात ११०१ स्त्रियांचा शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा करून १९९९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात संबंधाच्या वेळी वारंवार दुखण्याची तक्रार १८.६ टक्क्यांवरून दोन वर्षांनी ३.६ टक्क्यांवर आली होती. इच्छा कमी असण्याचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले आणि संबंध ठेवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांवरून सत्त्याहत्तरच्या आसपास गेले. याचे कारण गूढ नाही. महिन्यातले पंधरा दिवस अंगावर जात असेल, गाठींमुळे ओटीपोट सतत जड असेल आणि खोलवर दुखत असेल तर कोणत्या बाईला जवळीक हवीशी वाटेल? त्रासाचे मूळ गेले की बाकीचे बरेचसे आपोआप सुधारते. मात्र त्याच अभ्यासात हेही दिसले की शस्त्रक्रियेआधी ज्यांना नैराश्य होते त्यांच्यात नंतरच्या लैंगिक तक्रारी अधिक होत्या. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत रक्त, साखर, ईसीजी पाहतात तसे बाईच्या मनाचेही काही विचारले जायला हवे. मला कोणी विचारले नव्हते.

गर्भाशयमुख ठेवले तर सुख टिकते, असे सांगून काही ठिकाणी अर्धी पिशवी ठेवण्याचा सल्ला देतात. त्यामागचे तर्कशास्त्र ऐकायला पटणारे आहे, कारण मुखाच्या आजूबाजूला नसांचे जाळे असते. पण ब्रिटनमध्ये २७९ स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही प्रकारांत लैंगिक जीवनात फरक आढळला नाही, आणि नेदरलँड्समधल्या १३ रुग्णालयांच्या २००३ च्या अभ्यासातही शस्त्रक्रिया खालून, म्हणजे योनिमार्गातून केली, पोटातून केली, मुख ठेवले किंवा काढले, तरी सरासरी सुधारणाच दिसली. मुख ठेवण्याची इतर कारणे असू शकतात. पण मुख ठेवले तर काही जणींना थोडी पाळी येत राहते आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी चालू ठेवावी लागते, हे विसरून चालत नाही.

आता त्या सहा आठवड्यांकडे येते. योनिमार्गाच्या वरच्या टोकाला घातलेले टाके विरघळणारे असतात. ते विरघळताना तपकिरी किंवा गुलाबीसर स्राव काही आठवडे येत राहतो आणि मध्येच एखाद्या दिवशी, विशेषतः जास्त उठबस झाली तर, थोडे ताजे रक्तही दिसते. मला तसे दिसले तेव्हा सासूबाईंनी “पाळी परत आली की काय?” असे विचारले आणि आम्ही दोघी हसलो, पण फोन करून विचारले ते बरे झाले. बाहेरच्या पोटावरचे टाके पंधरवड्यात बरे दिसतात, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर चार छोटी भोकेच असतात, त्यामुळे घरच्यांना वाटते की बाई बरी झाली. आतली शिवण मात्र अजून कच्ची असते. त्या टोकावर दाब आला तर ती उसवू शकते. असे क्वचितच होते, परंतु खालून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे प्रमाण थोडे अधिक आढळते, आणि त्याला निमित्त ठरणाऱ्या गोष्टींत लवकर ठेवलेला संबंध हा प्रमुख आहे. म्हणूनच अनेक सर्जन आता सहाऐवजी आठ, काही तर बारा आठवडे थांबायला सांगतात.

एकाएकी भरपूर रक्त जाणे, पाण्यासारखा स्राव अचानक सुरू होणे, ओटीपोटात कळ येणे, खाली काहीतरी आल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण शिवण उसवून आतडे खाली येऊ शकते. ताप, दुर्गंधी येणारा स्राव, एका पायाच्या पोटरीत सूज व दुखणे, लघवी अडणे किंवा नकळत सतत गळत राहणे, यांसाठीही लगेच दाखवावे. हे वाचून कोणी घाबरू नये. या गोष्टी थोड्या जणींनाच होतात, पण ज्यांना होतात त्यांनी “शस्त्रक्रियेनंतर असे चालायचेच” म्हणून अंगावर काढू नयेत.

सहा किंवा आठ आठवडे ही किमान मर्यादा आहे, ती संबंध सुरू करण्याची ठरलेली तारीख नव्हे. हा फरक घरोघरी कळायला हवा. फेरतपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी पोटावरची जखम पाहून “छान आहे” म्हटले तर तेवढ्यावर उठू नये. आतली शिवण पाहिली का, असे विचारावे. माझ्या डॉक्टरांनी आतून तपासले तेव्हा शिवणीवर एक लहानसा लालसर मांसल कोंब दिसला, तो औषध लावून जाळला आणि आणखी काही आठवडे थांबायला सांगितले. असे कोंब बऱ्याच जणींना येतात, ते निरुपद्रवी असतात, पण संबंधानंतर रक्ताचा ठिपका दिसतो आणि दोघेही घाबरतात.

आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आहे. पिशवीच्या शस्त्रक्रियेला तशी रीत नाही. बाई आठवड्याभरात स्वयंपाकघरात उभी राहते, नळाला पाणी ठरावीक वेळी येते म्हणून कळशी उचलते, आणि रात्री त्याच खोलीत, त्याच पलंगावर असते. नवऱ्याशी या विषयावर कधी शब्द काढलेला नसतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी यातून काढलेला मार्ग मला फार आवडला. त्यांनी डॉक्टरांनाच सांगितले, “हे बाहेर बसलेत, त्यांना आत बोलवा आणि तुम्हीच सांगा.” डॉक्टरांनी सांगितले आणि प्रश्न मिटला. ज्या घरात असे सांगूनही ऐकले जात नाही, तिथे प्रश्न वैद्यकीय राहिलेला नसतो. अशी बळजबरी म्हणजे अत्याचारच आहे आणि घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे.

थांबण्याच्या काळात जवळीक बंद ठेवायची असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. टाळायचे ते योनिमार्गात काहीही जाणे: संबंध, बोट, पॅडऐवजी वापरायची कोणतीही आत ठेवण्याची वस्तू, आतून पाण्याने धुणे. मिठी, चुंबन, पाठीवरून हात फिरवणे, एकमेकांना स्पर्शाने सुख देणे यांवर सर्वसाधारणपणे बंदी नसते. स्पर्शातून येणाऱ्या परमोच्च सुखाच्या वेळी ओटीपोटाचे स्नायू आकुंचन पावतात, म्हणून अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत त्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. प्रश्न विचारायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. मी कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला होता. त्यांनी वाचला, चष्मा सारखा केला आणि वर न बघता उत्तर दिले. म्हणजे संकोच काही रुग्णांनाच असतो असे नाही.

पहिल्यांदा संबंध ठेवताना शरीरापेक्षा भीती जास्त आड येते, आणि ती दोघांनाही असते. माझ्या नवऱ्याला माझ्याहून अधिक होती. आत काहीतरी तुटेल या कल्पनेने तो कितीतरी दिवस जवळच येत नव्हता आणि मला मात्र वाटत होते की त्याला आता मी नकोशी झाले आहे. एका रविवारी दुपारी चहा पिताना हे बोलणे निघाले तेव्हा दोघांच्याही गैरसमजाचा निचरा झाला. ज्या स्थितीत किती खोल आणि किती वेगाने हे बाईच्या हातात राहते, म्हणजे कुशीवर किंवा बाई वर असताना, ती स्थिती सुरुवातीला सोयीची पडते. घाई नको आणि आधीच्या स्पर्शासाठी पूर्वीपेक्षा जास्त वेळ हवा, कारण ओलावा यायलाच वेळ लागतो.

कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात पाण्याच्या आधाराची जेली चिठ्ठीशिवाय मिळते आणि ती वापरण्यात कमीपणा काहीच नाही. ती संबंधाच्या वेळी सढळ हाताने लावायची असते. थेंबभर लावून “उपयोग झाला नाही” म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. खोबरेल तेल घरात असते म्हणून लोक तेच वापरतात, पण लॅटेक्सचा निरोध वापरत असाल तर कोणत्याही तेलाने तो फाटू शकतो. सुगंधी, थंडावा किंवा उष्णता देणारे काहीही त्या नाजूक जागी लावू नये. साबणाने आतून धुणे तर बंदच करावे. एवढ्याने भागले नाही, किंवा अंडाशये काढलेली असतील, तर योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम अतिशय गुणकारी आहे. त्याची मात्रा कमी असते आणि ते रक्तात फारच थोडे जाते, पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते सातत्याने वापरावे लागते. स्तनाचा किंवा हार्मोनशी निगडित दुसरा कर्करोग होऊन गेलेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.

दुखत असेल तर कुठे दुखते ते नीट पाहावे, कारण उपाय त्यावर ठरतो. प्रवेशाच्या वेळीच जळजळ होत असेल तर कोरडेपणा किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. स्नायू आपोआप आवळून घेत असतील आणि आत काही जाऊच शकत नसेल, तर तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा प्रश्न असतो आणि त्यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असतात. पुण्या-मुंबईत त्या मिळतात, लहान गावांत शोधावे लागते. इथे एक सावधगिरी सांगते. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळण्याचे आणि सैल सोडण्याचे केगेल व्यायाम बहुतेक सगळ्यांना सांगितले जातात आणि लघवी गळणे थांबवायला ते चांगलेच आहेत. पण ज्यांचे स्नायू आधीच घट्ट झाले आहेत त्यांनी ते करत राहिले तर दुखणे वाढते. त्यांना आधी सैल सोडायला शिकावे लागते. खोलवर दुखत असेल आणि काही महिन्यांनीही कमी होत नसेल तर शिवणीजवळचा व्रण, राहिलेले एंडोमेट्रिओसिस किंवा अंडाशय तिथे चिकटलेले असणे, अशी कारणे तपासून घ्यावी लागतात.

सुखाच्या अनुभूतीविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर काही जणींना फरक जाणवतो. परमोच्च क्षणी गर्भाशयही आकुंचन पावत असते आणि ज्यांना ते स्पष्ट जाणवायचे त्यांना नंतर काहीतरी उणे वाटू शकते. मला सुरुवातीला तसे वाटले, नंतर ते लक्षात राहिनासे झाले. पुष्कळ जणींना काहीच फरक वाटत नाही, आणि गर्भ राहण्याची धास्ती गेल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच निर्धास्त वाटले असे सांगणाऱ्याही भेटल्या. याउलट मूल हवे असताना पिशवी गमावलेल्या बाईचे दुःख वेगळे आहे; तिला जेलीची आणि व्यायामाची माहिती देऊन उपयोग नाही, तिला आधी रडू द्यायला हवे आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे न्यायला हवे. “पिशवी काढली, आता ती बाई कसली?” हे वाक्य सहसा दुसऱ्या बाईच्याच तोंडून येते. त्याचे उत्तर देत बसण्याइतका धीर माझ्याकडे नाही.

कर्करोगासाठी केलेली शस्त्रक्रिया हा निराळा विषय आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशयाबरोबर आजूबाजूचा भाग आणि योनिमार्गाचा वरचा हिस्साही काढतात, तिथल्या नसा दुखावू शकतात, आणि किरणोपचार झाले असतील तर योनिमार्ग अरुंद व ताठर होत जातो. तो मोकळा ठेवण्यासाठी ठरावीक आकाराच्या नळकांड्या आत घालून ठेवण्याचा सराव करायचा असतो, आणि संबंध ठेवायचा नसला तरी पुढच्या तपासण्यांसाठी तो गरजेचा असतो. उपचार करणाऱ्या चमूने हे आपणहून सांगितले नाही तर विचारावे.

शेवटी कागदपत्रांविषयी. अंडाशये ठेवलेली असली तरी ती काही जणींत अपेक्षेपेक्षा काही वर्षे आधी थकतात, आणि पाळीच येत नसल्यामुळे पाळी गेल्याचे कळायला खूणच उरत नाही. वाफा, झोपमोड किंवा नव्याने आलेला कोरडेपणा हीच काय ती खूण असते. त्या वेळी नवीन डॉक्टर विचारतात, “अंडाशये आहेत का? मुख ठेवले होते का?” आणि पन्नाशीतल्या, साठीतल्या कितीतरी जणींना ते सांगता येत नाही. मुख काढलेले असेल आणि कारण कर्करोगाचे किंवा त्याच्या पूर्वावस्थेचे नसेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप तपासणी थांबवता येते. ठेवलेले असेल तर चालू ठेवावी लागते. निरोधाची गरज गर्भासाठी उरत नाही, पण लैंगिक आजार टाळण्यासाठी तेवढीच राहते. म्हणून डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद आणि काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल हे दोन्ही मागून घ्यावेत, त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत आणि आईची किंवा सासूबाईंची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल तर त्यांचे कागद आज घरात कुठे आहेत तेही शोधावे.